अव्यवस्थेचा रकाना

माझी थोरली बहीण एकतीस वर्षं ग्रंथपाल होती, आणि तिच्या सासरच्या एकाही माणसाला ती नेमकं काय करते हे कधी सांगता आलं नाही. दीर ओळख करून द्यायचे, "आमच्या वहिनी पुस्तकं वाटतात." जाऊबाई म्हणायच्या, "बसून काम आहे हो, बरंय." आणि भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, माणूस सोन्यासारखा, पण तेही एकदा सहज बोलून गेले, "तुझी मजा आहे बुवा, दिवसभर वाचायला मिळतं." त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. मुद्दाम की चुकून, ते ताईनं आजवर सांगितलेलं नाही.

मी शिवणकाम करते. बाजाराच्या कोपऱ्यावर माझं दुकान आहे. दोन मशिनी, एक इस्त्री आणि माझं तोंड, एवढ्या भांडवलावर चालतं. माझ्या धंद्याला मान आहे का म्हणाल, तर आहे. माझ्या हातून बाही तंग झाली की बाई दुसऱ्या दिवशी दारात उभी. बिघडलं की लोकांना कळतं शिंपीण काय चीज असते ते. ताईचं कधी काही बिघडायचंच नाही. हाच तिचा मोठा दोष, असं मी तिला शंभरदा ऐकवलं असेल. ती म्हणायची, "तू गप. मागच्या महिन्यात नेलेलं पुस्तक आधी आणून दे."

तिचं ग्रंथालय म्हणजे जुन्या टपाल कचेरीची बैठी इमारत. समोर मोठा दिवाणखाना, त्यात दोन्ही भिंतींना लावलेली आठ उघडी कपाटं, मधोमध वर्तमानपत्रांचं लांब टेबल, आणि दाराशी ताईचं टेबल. मागे एक चिंचोळी खोली, तिला ऑफिस म्हणायचं. एखादं पुस्तक एक घर इकडे तिकडे झालं तरी ताईला दारातून दिसायचं. माझ्या दुकानात पाच मिनिटं बसली तरी माझ्या रिळांचा डबा उपसून रंगावार लावून ठेवायची, की मग मला आठ दिवस एक रीळ सापडायचं नाही. नवा सभासद आला की त्याला अर्धा तास कपाटांपुढून फिरवायची. कुठे काय, क्रमांक कसा वाचायचा, काढलेलं पुस्तक कुठे ठेवायचं. ज्याला एकदा शिकवलं त्याला दुसऱ्यांदा विचारायची वेळ येता कामा नये, हा तिचा हट्ट. बिचारे सभासद घाबरून सगळं पाठ करायचे.

तिच्या हाताखाली एक मुलगी होती. मुलगी कसली, दोन लेकरांची आई. उंचीनं ताईपेक्षा वीतभर जास्त, तरी वाचक तिला छोट्या बाई म्हणायचे आणि ताई नुसतंच छोटी. ग्रंथालयशास्त्राच्या दोन पदव्या, आणि नोकरी अकरा अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं, मग पुन्हा नव्यानं रुजू व्हायचं, जणू काही कालच दार शोधत आलीय. असं नऊ वेळा झालं होतं. नवऱ्याचं काम आज आहे तर उद्या नाही. ताई निवृत्त झाली की तिची कायमची जागा छोटीला मिळणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

निवृत्तीला चार महिने राहिले आणि वरून पत्र आलं. ग्रंथपाल हे पद पुढे ठेवायचं की रद्द करायचं, याची तपासणी होणार. रद्द झालं तर दाराशी एक यंत्र बसेल, वाचक स्वतःच पुस्तक त्याच्यापुढे धरतील, नोंद होईल, आणि लक्ष ठेवायला पहारेकरी आहेच. पत्रात छोटीचा उल्लेखसुद्धा नव्हता. पदच गेलं की अकरा महिन्यांचं तिचं गाडंही थांबणार, हे उघड होतं.

तपासनीस साहेब आले. किरकोळ अंगाचे, सभ्य, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांच्या मुठीत मावेल असं मोजायचं यंत्र होतं, अंगठ्यानं दाबलं की टिक् वाजायचं. वाचक ग्रंथपालाकडे मदत मागायला आला की एक टिक्. साहेब खांबाआड खुर्ची टाकून सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत बसले. दिवसभरात टिक् किती? चार! एकानं स्वच्छतागृहाची किल्ली मागितली. एकानं वेळ विचारली. एकीला पेन हवं होतं. आणि चौथी मी, ताईचा डबा घेऊन आले होते.

जाताना साहेब मनापासून म्हणाले, "मॅडम, फार छान चालतं हो तुमचं. अगदी आपोआप."

तो शब्द ऐकून ताईचा जो पारा चढला! ग्रंथालयाला कुलूप लावून ती थेट माझ्या दुकानात आली. "आपोआप! तुझ्याकडे कपडे आपोआप शिवले जातात का गं? एकतीस वर्षं मी काय माशा मारत होते?" मी म्हटलं, "मी सांगत होतेच. तू लोकांना इतकं शहाणं करून ठेवलंस, आता ते तुला कशाला विचारतील?" तिनं माझ्या रिळांच्या डब्यालाही हात लावला नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली. थोड्या वेळानं म्हणाली, "माझं काय, मी चालले. पण त्या पोरीनं नऊ वर्षं काढली गं माझ्या भरवशावर." आणि पदरानं डोळे टिपले. माझी बहीण रडणाऱ्यातली नाही.

साहेब महिन्यानं पुन्हा येणार होते, शेवटचा अहवाल लिहायला. तेव्हा युक्ती मीच काढली, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. म्हटलं, "पुस्तकं विस्कटून टाकू. कुणाला काही सापडलं नाही की आपसूक येतील टेबलाशी रांग लावून. साहेबांचा अंगठा दुखेपर्यंत टिक् वाजेल." ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू तान्ह्या पोराला रस्त्यावर सोडून द्यायला सांगितलंय. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, "रविवार आणि सोमवार लागून सुट्टी आहे. दहाला ये. आणि जुनी साडी नेसून ये, धूळ आहे."

आम्ही तिघी जमलो. मी पदर खोचला आणि कामाला लागले. हाताला येईल ते उपसून दिसेल तिथं कोंबायचं, याच्याइतकं सुख नाही. तासाभरानं मागे वळून पाहते, तर छोटी माझ्या पाठोपाठ येऊन पुस्तकांचे कणे एका रेषेत करतेय! "अगं बाई, विस्कटतोय ना आपण?" तर म्हणते, "हो मावशी, पण निदान सरळ तरी उभी राहू देत."

ताई तर एका जागी खिळली होती. हातात मधुमेहावरचं पुस्तक.

"ठेव की कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

"कुठेही!"

"कुठेही म्हणजे कुठे पण?" ती खरंच विचारत होती हो. एकतीस वर्षांत तिनं कुठलीही वस्तू कुठेही ठेवली नव्हती, तिला ते जमतच नव्हतं. शेवटी स्वयंपाकाच्या पुस्तकांकडे गेली आणि म्हणाली, "इथे ठेवते. नाहीतरी त्या मास्तरांची बायको आधी केक बघते आणि मग घाबरून हे शोधत येते." झालं! तिथून तिला वाटच सापडली. नवरा-बायकोच्या भांडणाचे कायदे तिनं कुठे ठेवले? रागावर ताबा कसा ठेवावा त्याच्या शेजारी, आणि वर विनोदी कथांची एक रांग, "कोर्टात जाण्याआधी हसून बघा म्हणावं." मूल ऐकत नाही म्हणून येणाऱ्या आयांसाठी बालसंगोपन, आणि त्याला लागूनच खोडकर पोरांच्या गोष्टी. कोण काय न्यायला येतो आणि खरं त्याला काय हवं असतं, हे सगळं तिच्या डोक्यात होतं, ते ती नुसतं कपाटांत ओतत गेली. छोटीलाही चेव चढला. झोप न येणाऱ्यांसाठी तिनं आकाशातल्या ताऱ्यांची पुस्तकं आणली, श्वासाचे व्यायाम आणले, आणि खाली सातशे पानी करप्रणालीचा इतिहास ठेवला. म्हणाली, "हे कधीच वाया जात नाही." दोघी हसून हसून बेजार. मी आपली वेड्यासारखी विस्कटत होते आणि माझ्या मागे त्या दोघी लावत होत्या.

सोमवारी दुपारी सगळं संपलं, तर ताई म्हणते, "पाटीशिवाय कपाट कसं ठेवायचं?" मी कपाळावर हात मारला. तिनं खळ लावून पुठ्ठ्यांवर कागद चिकटवले आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘झोप येत नाही’. ‘घरात पटत नाही’. ‘डॉक्टरांनी बंद केलंय’. ‘परीक्षा तोंडावर आलीय’. ‘एकट्यानं राहावं लागतंय’.

मंगळवारी दार उघडलं आणि आमची जिरली. लोक आत आले, थबकले, पाट्या वाचल्या, आणि मासा पाण्यात शिरावा तसे थेट आपापल्या कपाटाकडे गेले. विचारणं राहिलं बाजूला. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी रोज बसणारे एक आजोबा होते, गेल्याच वर्षी त्यांची बायको गेली. एकतीस वर्षांत त्यांनी पेपराशिवाय कशाला हात लावला नव्हता. ते उठले, ‘एकट्यानं राहावं लागतंय’ पुढे जाऊन बराच वेळ उभे राहिले आणि एका माणसापुरता स्वयंपाक शिकवणारं पुस्तक घेऊन घरी गेले. तीन आठवड्यांत पुस्तकांची देवघेव दुप्पट झाली. टेबलाशी कुत्रं फिरकेना.

साहेब पुन्हा आले, खांबाआड बसले. मी दुकान बंद ठेवून मुद्दाम गेले होते. एक तास, दोन तास, टिक् नाही. शेवटी मीच उठले आणि ताईला विचारलं, "अहो बाई, बागकामाची पुस्तकं कुठे?" टिक्. ताई माझ्याकडे ओळख नसल्यासारखं बघत म्हणाली, "उजवीकडे दुसरं कपाट." संपलं! अगं, जरा लांबण लाव, कपाटापर्यंत चल, दोन प्रश्न विचार! पण नाही. मी भरतकाम विचारलं, घोड्यांचे आजार विचारले, ज्वालामुखी विचारले. प्रत्येक वेळी तीन शब्दांत बिनचूक उत्तर. पाचव्या खेपेला साहेब खांबाआडून म्हणाले, "बाई, तुमची आवड फारच दांडगी दिसते." माझं तोंड एवढंसं झालं.

दुपारी साहेबांनी संगणकातून वीस पुस्तकांची यादी काढली आणि ती घेऊन कपाटं फिरले. परत आले तेव्हा चेहरा गंभीर होता. ताईला आणि छोटीला मागच्या खोलीत बोलावलं. मीही गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कुणी अडवलंही नाही.

"मॅडम, वीसपैकी तीन जागेवर आहेत. संगणक म्हणतो पाचवं कपाट, मधुमेह. तिथे मला लहान मुलांच्या गोष्टी मिळाल्या. हा काय प्रकार आहे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईनं सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी तिच्या रक्तातच नाही. "मुद्दाम केलंय. लोकांना काही सापडू नये, त्यांनी आम्हाला विचारावं, तुमचं यंत्र वाजावं, म्हणून."

"आणि?"

"आणि आम्हाला ते जमलं नाही."

साहेब हसायला लागले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मीसुद्धा त्या झोपेच्या कपाटापाशी अर्धा तास होतो. दोन पुस्तकं बाजूला काढून ठेवलीयेत." आणि त्यांनी अहवालाचा कागद ताईपुढे सरकवला. "पण मॅडम, हा फॉर्म बघा. यात उत्तम कामाला रकाना नाही. काम सुरळीत, असं लिहिलं की वरचे म्हणतात, सुरळीत आहे ना, मग माणूस कशाला? पद रद्द. आता हा सातवा रकाना. ‘अव्यवस्था असल्यास तपशील’. हा भरला की यंत्र बसवता येत नाही, कारण यंत्राला पुस्तक यादीप्रमाणे जागेवर लागतं. ते लावायला प्रशिक्षित माणूस हवा. पद तातडीनं भरावं लागतं."

"मग भरा की!" मी म्हटलं.

"भरतो. पण पुढचा आठवा रकाना आहे. ‘जबाबदार व्यक्ती’."

 छोटीचं नाव तिथं लिहिलं तर तिला जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. राहिलं एकच नाव. एकतीस वर्षं एक पुस्तक इकडचं तिकडे न होऊ दिलेल्या बाईच्या नावावर, निवृत्तीच्या तोंडावर, अव्यवस्थेचा शेरा लागणार होता आणि तो कायम तिच्या सेवापुस्तकात राहणार होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, "ताई, सही करू नकोस. आपण वर अर्ज करू, भांडू."

ताईनं फॉर्म हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "या रकान्यात किती ओळी बसतात हो?"

"दोन."

"पुरायच्या नाहीत. जोडपत्र लावलं तर चालेल?"

मग माझी बहीण खुर्ची ओढून बसली आणि तिनं स्वतःच्या चुका स्वतः लिहून काढल्या. क्रमवार, पोटविभागांसह. अ, मांडणीतील चुका. आ, पाट्यांतील चुका. इ, हेतुपुरस्सर निष्काळजीपणा. तीन पानं! छोटी रडायला लागली. "मॅडम, नका ना, हे खोटं आहे." ताईनं वर न बघता पहिलं पान तिच्याकडे सरकवलं. "मध्ये बोलू नकोस. शुद्धलेखन तपास."

त्या पानांची एक प्रत घरी गेली. भाऊजींनी ती रात्री जेवणाआधी दोनदा वाचली. अमुक विषय तमुक विषयाशेजारी का ठेवू नये, क्रमांक चुकला तर पुढची किती पुस्तकं हरवतात, हे सगळं त्यात होतं. मला फोन करून हळूच म्हणाले, "काय गं, एवढं अवघड असतं का ते काम?" एकतीस वर्षांचा संसार, आणि बायको काय करते ते त्यांना तिच्या चुकांच्या यादीवरून कळलं. मला हसावं की रडावं कळेना. मी आपलं म्हटलं, "असतं भाऊजी. आज भाजीत मीठ आहे का बघा."

ताईच्या निवृत्तीचा कार्यक्रम त्याच दिवाणखान्यात झाला. टेबलं बाजूला करून खुर्च्या मांडल्या होत्या. दीर, जाऊबाई, सगळे नटूनथटून आले होते. रोजचे वाचक इतके, की मागे उभे राहिले होते. वरच्या कचेरीचे अध्यक्ष आले, त्यांनी ताईच्या हातात फुलं दिली, आणि मग फाइल उघडून आदेश वाचायला लागले. त्यांनी तो आधी वाचला नसावा. "तपासणीत सदर ग्रंथालयाच्या मांडणीत गंभीर अव्यवस्था आढळून आली असून, त्यास विद्यमान ग्रंथपाल यांचा निष्काळजीपणा जबाबदार आहे. सबब..." इथं त्यांचा आवाज अडखळला. दिवाणखान्यात कुजबूज सुरू झाली. जाऊबाईंनी दिरांकडे पाहिलं.  एवढ्या माणसांसमोर माझी बहीण फुलं हातात धरून ताठ बसली होती.

तेवढ्यात पेपरवाले आजोबा उठून उभे राहिले. काठी जमिनीवर आपटून ओरडले, "कसली अव्यवस्था? कोण म्हणतं? अहो, आयुष्यात पहिल्यांदा मला इथं माझं पुस्तक न मागता मिळालं! या बाईंनी..."

"खरंय!" मागून दोघं-तिघं म्हणाले. खुर्च्या सरकल्या. अध्यक्षांनी फाइल खाली केली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "म्हणजे? अव्यवस्था नाहीये का इथं?"

छोटीचा चेहरा पांढरा पडला. आणखी एक माणूस ताईच्या बाजूनं बोलला असता, तर पद गेलं असतं.

ताई उठली. फुलं खुर्चीवर ठेवली. आजोबांकडे सरळ बघत तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"श्श. ग्रंथालय आहे हे. शांतता राखा."

एकतीस वर्षांची सवय. अख्खा दिवाणखाना चिडीचूप झाला. आजोबा तिच्याकडे बघत राहिले आणि मग खाली बसले. ताई अध्यक्षांना म्हणाली, "आहे साहेब, अव्यवस्था आहे. वाचा पुढे."

अध्यक्षांनी पान उलटलं आणि नव्या ग्रंथपाल म्हणून छोटीचं नाव वाचलं.